वर्म गिअरबॉक्स असताना ब्रेक कशाला?

प्रश्न : चढत्या कन्व्हेयरवर २०० वॅट, ३००० आरपीएमची बीएलडीसी मोटर आणि ६०:१ चा वर्म गिअरबॉक्स बसवतोय. वर्म उलटा फिरत नाही म्हणतात. मग ब्रेकचा खर्च वाचवला तर चालेल का?
– एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : नाही. वर्मच्या आट्यांचा कोन साधारण ५ अंशांपेक्षा कमी असला की भार त्याला उलटा फिरवू शकत नाही, हे खरं. पण सांगाडा हादरत असेल किंवा दाते घासून गुळगुळीत झाले असतील, तर पट्टा पोत्यांसकट हळूहळू मागे सरकतो. खाली माणूस वावरत असेल तर नुसत्या घर्षणावर भिस्त ठेवू नये. वीज जाताच आपोआप लागणारा ब्रेक मोटरच्या शाफ्टवर घ्या. तिथे टॉर्क कमी, म्हणून छोटा ब्रेक पुरतो.

खरी गफलत हिशेबात होते. मोटरचा टॉर्क ०.६४ न्यूटन-मीटर. त्याला ६० ने गुणून ३८ काढतात आणि मोकळे होतात! वर्म घासत फिरतो; एवढ्या रेशोला कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपासच धरा. हाती उरतात २१. बाकीची शक्ती उष्णता होऊन जाते, त्यामुळे गिअरबॉक्सला हात लाववेना तरी लगेच घाबरू नका. ७०-८० अंश बहुतेकांना चालतात.

तेल मात्र उत्पादकाने सांगितलेलंच घाला. गंधकयुक्त काही ईपी तेलं गरम झाली की ब्राँझचं चाक खातात. पहिल्यांदा तेल बदलताना त्यात बारीक पिवळी चकाकी दिसेल, ती चालते. कण बोटांना टोचू लागले तर गिअरबॉक्स उघडाच.