नंबर कोणाचाही, ओरखडा एकाचाच

बाबू, स्लॅबमधला, म्हणजे ग्रेडिंग कंपनीनं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेला, १९११ चा रुपया घ्यायचा म्हणतोस, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाच. फोनवर सांगायला गेलो की अर्धं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतो.

पहिलं म्हणजे डबीवर छापलेल्या नंबरावर भाळू नको. एनजीसी असो की पीसीजीएस, नाणी पारखून ग्रेड देणाऱ्या या कंपन्यांच्या साइटवर नंबर टाकला की देश, साल, ग्रेड सगळं बरोबर निघतं आणि घेणारा तिथंच खूश होतो. अरे, ज्यानं खोटी डबी बनवली त्यानंही नंबर टाकून पाहिलाच असेल ना! खऱ्या स्लॅबचे फोटो लिलावांच्या कॅटलॉगांत उघडे पडलेले असतात. त्यातला एक नंबर उचलायचा, तसंच लेबल छापायचं, तशीच प्लास्टिकची डबी ओतायची आणि आत खोटं नाणं बसवायचं. अशा नकली डब्या बाजारात असतात, हे या कंपन्याच सांगतात. तेव्हा नंबर जुळला याचा अर्थ एवढाच, की त्या नंबराचं एक खरं नाणं जगात कुठं तरी आहे. ते तुझ्या हातात आहे का, हे सांगतो त्या नंबराखाली उघडणारा फोटो.

फोटोचं हे काम डबीपेक्षा जुनं आहे. अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांच्या संघटनेनं १९७२ मध्ये नाणी पारखून देणं सुरू केलं. त्या काळात सीलबंद डबी नव्हती, नाण्याचा फोटो असलेलं प्रमाणपत्र मिळायचं. पुढं १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी आली, नाणं प्लास्टिकात बंद झालं, १ ते ७० चा ग्रेडचा आकडा लेबलावर चढला आणि लोक आकडा पाहायला लागले. मला विचारशील तर तिथंच गाडी रुळावरून उतरली.

आता फोटो जुळवायचा कसा, ते सांगतो. राजाचा चेहरा, अक्षरं, साल यांच्यात वेळ घालवू नको. टाकसाळीच्या एका ठशातून हजारो रुपये सारखेच निघतात, ते जुळणारच. आपल्याला पाहायचे आहेत ते नंतर झालेले घाव. पोत्यात दुसऱ्या नाण्यावर आपटून गालावर पडलेली खोच, मोकळ्या जागेतला केसासारखा ओरखडा, काठावरचा ठेचा. आपला बाप बैलबाजारात बैल रंगावरून ओळखत नव्हता, भोवऱ्यावरून आणि शिंगाच्या वळणावरून ओळखायचा. नाण्याचंही तसंच करजो. दोन्ही बाजूंचे मिळून चार-पाच घाव निवड. प्रत्येकाची जागा कशाच्या तरी आधारानं लिही : ‘मुकुटाच्या टोकापासून डावीकडे, दुसऱ्या अक्षराच्या खाली, तिरपा’. मग कंपनीचा फोटो आणि तुझा फोटो शेजारीशेजारी ठेवून एकेक जागा तपास.

आणि एक गोष्ट नीट समजून घे, कारण इथं शिकलेले लोकही गोंधळतात. कंपनीच्या फोटोत घाव आहे आणि तुझ्या नाण्यावर तो कोणत्याच उजेडात सापडत नाही, तर व्यवहार तिथंच थांबव. धातूवरची खोच भरून येत नाही. उलट, तुझ्या फोटोत रेघ दिसते आणि कंपनीच्या फोटोत नाही, तर घाबरून जाऊ नको. ती रेघ बहुतेक प्लास्टिकवरची असते. डबी थोडी कलती करून पाहजो. प्लास्टिकवरची रेघ नाण्यावरून सरकल्यासारखी दिसते, धातूवरची जागा सोडत नाही. शिवाय उजेड ओरखड्याच्या रेषेतूनच आला तर खरा ओरखडाही लपतो. म्हणून एका फोटोवर कधी निकाल देऊ नको. रंगाला तर साक्षीदारच मानू नको. चांदी डबीतही वर्षानुवर्षं काळवंडते, डाग पसरतात आणि कंपनीचा झगमगीत उजेड आपल्या ओसरीत नसतो.

फोटो काढताना फ्लॅश बंद. सकाळी दारात उन्हाची तिरीप सोडून बस, नाहीतर टेबलाचा दिवा एका बाजूनं तिरपा ठेव. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून अगदी सरळ वरून धर. फार जवळ नेऊ नको, थोडा दूर ठेवून झूम कर, नाहीतर गोल नाणं लांबोळकं दिसतं. मग दिवा तिथंच ठेवून डबी पाव फेरा वळव आणि पुन्हा काढ. अशी चारही बाजूंनी. लेबल, मागची बाजू आणि डबीची कड यांचेही काढजो. कडेवर चिरा, गोंदाचा पांढरटपणा किंवा पाचर घातल्याची खूण दिसली, तर खऱ्या डबीतलं नाणं कोणी बदललं असावं, असं समजून चालजो.

तुझ्या १९११ च्या रुपयात तर फोटोला खूप बोलता येतं. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर पदकांच्या माळेत एक हत्ती आहे. त्या वर्षीच्या ठशात त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला आणि ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले सुमारे ७ लाख बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले. १९१२ पासून सोंड नीट काढलेला हत्ती आला. म्हणून फोटो मोठा करून आधी अंगरखा पाहजो. साल १९११ आणि हत्ती चांगला सोंडेचा असेल, तर नंतरच्या सालाच्या रुपयाचा शेवटचा आकडा कोणीतरी कोरून बदलला असावा. त्याला नंबर पाहायचीही गरज नाही. पण सोंड आखूड निघाली म्हणून नाचू नको. खऱ्या १९११ वरून साचा घेऊन ओतलेल्या नाण्यातही ती आखूडच येणार.

मागची बाजूही पाहजो. मुंबईच्या टाकसाळीच्या रुपयावर खाली कमळाच्या फुलाखाली उठावाचं बारीक टिंब असतं, कलकत्त्याच्या रुपयावर नसतं. लेबलावर टाकसाळ एक आणि फोटोत दुसरी, तर लेबल या नाण्याचं नाहीच.

कुणी सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दाखवला, तर दुप्पट सावध. तो फार दुर्मीळ, आणि १९३८ चा सहज मिळतो. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, त्यामुळे १९३९ चा जुन्या चांदीचा रुपया हातात पडणं म्हणजे मोठीच गोष्ट. तिथं सगळा खेळ शेवटच्या आकड्याचा. तिरप्या उजेडात ९ च्या भोवतीचा पृष्ठभाग बाकीच्या तीन आकड्यांभोवतीच्या पृष्ठभागासारखाच दिसतो का, तेवढंच पाहत बस.

ओतीव खोट्या नाण्यांची गंमत वेगळी. ज्या खऱ्या नाण्यावरून साचा घेतला, त्याची खोच साच्यात उतरते आणि मग प्रत्येक पिलावर तीच खोच, त्याच जागी. दोन वेगळ्या नंबरांच्या नाण्यांवर सारखाच घाव दिसला, तर दोन्ही सोड. म्हणून विकणाऱ्याची बाकीची नाणीही पाहत जा. आपल्या नाण्याचा घाव कंपनीच्या फोटोशी जुळायला हवा आणि दुसऱ्या कोणत्याच नाण्याशी जुळायला नको. शिवराईत हे ओळखणं सोपं जातं. ती हातानं ठोकलेली, तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ मधलं कुठलं अक्षर काठाबाहेर गेलं, हे प्रत्येकीचं वेगळं. दोन शिवरायांची कड आणि अक्षरांची कापणी तंतोतंत जुळली, तर त्या एकाच साच्यातल्या बहिणी.

आपल्या भागातली अडचण कड्यांची आहे. राणीछाप रुपयांना डाख देऊन कड्या लावायच्या आणि बायांनी गळ्यात घालायच्या, ही पद्धत गावोगाव होती. पुढं कडी काढून, घासून, चकाकवून तोच रुपया संग्राहकाला विकला जातो. फोटोत नाण्याच्या माथ्याशी, घड्याळात बारा असतात तिथला काठ मोठा करून पाहजो : दाते बुजलेले, चांदीचा रंग थोडा निराळा. असं नाणं खोटं नसतं, पण ग्रेडिंगवाले त्याला आकडा देत नाहीत, ‘डिटेल्स’ लिहून सोडतात. त्यावर ६३ चा आकडा दिसला तर डबीवरच संशय घे.

विकणाऱ्याकडून फोटो मागताना त्याच्या जाहिरातीतला घेऊ नको, तो कुठून उचललेला असेल सांगता येत नाही. आजची तारीख आणि तुझं नाव लिहिलेली चिठ्ठी डबीशेजारी ठेवून नवा फोटो माग, आणि डबी हातात फिरवतानाचा छोटा व्हिडिओ. खरा व्यापारी दोन मिनिटांत पाठवतो. जो ‘विश्वास नाही का?’ म्हणतो, त्याला ‘नाही’ म्हणायला लाजू नको. पार्सल आलं की ते फोडतानाही व्हिडिओ सुरू ठेवजो, पावती-लेबलापासून डबीपर्यंत एकसलग.

जुन्या डब्यांच्या नंबराखाली कधी कधी फोटोच नसतो. तेव्हा तेच नाणं पूर्वी लिलावात गेलं असेल तर तिथला जुना फोटो शोध. तोही नाही मिळाला, तर ते नाणं बिनडबीचं समजून भाव कर. नजर बसवायला नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, खरी नाणी पाहून ये. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथं फोटोंचाही संग्रह आहे. सुटीत जमलं तर जा.

जाता जाता काही इशारे. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो मिळतात, असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नको. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे, की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून कमिशनही घेत नाही. आणि वावरात नांगरताना नाण्यांचं मडकं लागलं, तर फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आधी कलेक्टर ऑफिसला कळव. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यात दहा रुपयांवरच्या ठेव्यालाही ते बंधन आहे. शंभर वर्षांवरचं नाणं ग्रेडिंगसाठी म्हणून स्वतः परदेशी पाठवायचं तर मनातही आणू नको, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ती बेकायदा निर्यात ठरते.

त्या विकणाऱ्याकडून चिठ्ठीचा फोटो आला की मला व्हॉट्सॲपवर पाठव, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साधा पाठवलास तर बारीक ओरखडे वाटेतच पुसले जातात.