किनाऱ्यावरचे ताट

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण हे अरबी समुद्राच्या काठी वसलेले जुने बंदर आहे. समोर पाण्यात शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधण्यास प्रारंभ केलेला सिंधुदुर्ग किल्ला, अलीकडे वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि त्यांच्यामागे माडांच्या सावलीत लहान लहान खानावळी. शासनाने १९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केल्यानंतर येथे प्रवाशांची वर्दळ वाढली. खानावळीच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला असतो. त्यावर खडूने बांगडा ताट, कोळंबी ताट, सुरमई ताट अशी नावे व त्यांचे दर लिहिलेले असतात. दर ताटाचा असतो. पदार्थांचा वेगवेगळा हिशोब नसतो. समुद्रासमोर बसून पाच-सहा पदार्थांचे जेवण सामान्य माणसाच्या खिशाला परवडते, ते कसे?

प्रथम ताटात काय असते ते पाहू. मधोमध भात किंवा तांदळाची भाकरी. वाटीत माशाची आमटी. ओले खोबरे, सुकी लाल मिरची, धणे व हळद एकत्र वाटून ती करतात आणि आंबटपणासाठी कोकम घालतात. बांगड्याच्या आमटीत तिरफळही पडते. त्याची बी काढून टाकून साल तेवढी वापरतात आणि ती वाटणात न घालता अखंडच सोडतात, कारण वाटले तर आमटी कडवट होण्याचा संभव असतो. ताटाच्या कडेला रवा लावून तळलेली माशाची तुकडी आणि सुकटीचे किसमूर, म्हणजे भाजलेली सुकी मासळी, कांदा व ओले खोबरे यांची कोरडी कोशिंबीर. शेवटी नारळाच्या दुधात कोकमाचे आगळ मिसळून केलेली गुलाबी सोलकढी. तिखट जेवणानंतर ती पोटाला थंडावा देते.

युरोपातील उंची उपाहारगृहांत एकामागून एक पदार्थ आणून वाढतात. ही पद्धत तेथेही एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली. त्यापूर्वी बरेच पदार्थ एकदम मेजावर मांडले जात. आपल्या ताटात सारे एकाच वेळी येते, तरी खाण्याचा क्रम असतोच. भाकरी तळलेल्या तुकडीबरोबर, भात आमटीबरोबर आणि उरलेला भात सोलकढीबरोबर. हा क्रम कोणी सांगत नाही. शेजारच्या पंगतीकडे पाहून नवखाही तो शिकतो.

आता दराकडे वळू. खानावळीत काय शिजणार हे बऱ्याच अंशी समुद्र ठरवतो. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचा लिलाव पुकारला जातो आणि जी मासळी भरपूर आली असेल ती स्वस्त मिळते. बांगडा, तारली, पेडवे हे थव्याने फिरणारे मासे. ते मुबलक मिळाले की ताट स्वस्त होते. सुरमई किंवा पापलेट (मालवणात त्याला सरंगा म्हणतात) यांचे ताट त्याच फळ्यावर पुष्कळ महाग असते. भात तोच, आमटीचे वाटण तेच आणि सोलकढीही तीच. फरक केवळ तुकडीचा. खवय्याने बांगडा मागावा, यात त्याच्या खिशाचे व जिभेचे दोघांचेही हित आहे.

हे थवे किनाऱ्याजवळ आले की पूर्वापार रापणीने पकडले जात. होडीतून मोठे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायची. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. या पद्धतीला डिझेल लागत नाही, माणसे लागतात. पुढे यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्यांनी खोल पाण्यातच संपूर्ण थवा वेढू लागल्या. रापणकारांची तक्रार अशी, की थवा किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा आहे, आणि २०१६ साली शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. तरीही हा वाद अद्याप शमलेला नाही. ताटातला बांगडा स्वस्त राहणार की नाही, हे या वादावरही अवलंबून आहे.

पावसाळ्यात मासे अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी करण्यास बंदी असते. या दिवसांत कोकणातील घरांत उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकट, सुके बांगडे आणि खाडीतील मासळी यांवर भागते. खानावळीतल्या पाहुण्याला मात्र जुलैतही सुरमईच हवी असते. मग ती दुरून, बर्फात घालून आणावी लागते आणि तिचा भारही दरावर पडतो.

दर कमी राहण्याचे आणखी एक कारण फळ्यावर दिसत नाही. मासळी निवडणे, साफ करणे, खोबरे खवणे, वाटण वाटणे ही कामे पुष्कळ ठिकाणी घरच्याच स्त्रिया करतात आणि त्या श्रमाची मजुरी क्वचितच हिशोबात धरली जाते. मुंबईच्या गिरणगावातही कोकणातून आलेल्या एकट्या कामगारांना स्त्रियांच्या खानावळींनीच महिन्याच्या ठरावीक दरात जेऊ घातले. त्या स्त्रियांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व त्यांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. तेव्हा कोठे त्यांच्या स्वयंपाकाची व्यवसाय म्हणून नोंद झाली.

पाठगत प्रश्न

१. बांगड्याचे ताट सुरमईच्या ताटापेक्षा स्वस्त का असते?
२. रापण व पर्ससीन या पद्धतींतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या खानावळीतील ताटाचा दर विचारा. त्यात कोणाकोणाचे श्रम धरलेले आहेत व कोणाचे धरलेले नाहीत, ते आठ-दहा ओळींत लिहा.