बुद्धिमान मुलांची निवड आणि शिक्षकाचा अभिप्राय

आपल्या वर्गातील सर्वांत बुद्धिमान मूल कोणते, असे विचारताच बहुतेक शिक्षक क्षणाचाही विलंब न लावता नाव सांगतात. वर्षभर मुलांच्या सहवासात राहणाऱ्याचे हे मत सहसा कोणी अमान्य करणार नाही. परंतु विशेष शिक्षणासाठी मुले निवडण्याच्या कामी या मताची जेव्हा पडताळणी झाली, तेव्हा निघालेले निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातील असामान्य बुद्धीच्या मुलांचा शोध आरंभिला. त्यांनी वर्गशिक्षकांकडून सर्वांत बुद्धिमान अशा तीन मुलांची नावे क्रमाने मागविली व त्याबरोबर वर्गातील वयाने सर्वांत लहान मुलाचेही नाव मागविले. पुढे बुद्धिमापन कसोट्या झाल्यावर टर्मन यांचा निष्कर्ष असा निघाला की, वर्गातून एकच मूल निवडावयाचे झाल्यास शिक्षकाचे मत विचारण्यापेक्षा पटावरील जन्मतारीख पाहणे अधिक फलदायी होय. याचे कारण उघड आहे. शिक्षक मुलाचे काम इयत्तेशी ताडून पाहतो, वयाशी नव्हे. इयत्तेच्या मानाने दीड वर्षाने मोठा असलेला मुलगा गणिते बिनचूक सोडवितो व नजरेत भरतो. दीड वर्षाने लहान असूनही वर्गाबरोबर सहज चालणाऱ्या मुलीचे काम मात्र ‘बरे’ एवढेच दिसते.

टर्मन यांचा हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येणार नाही. तेथे हुशार मुलांना वरच्या इयत्तेत लवकर चढविण्याची चाल होती, म्हणून वयाने लहान मूल बहुधा बुद्धिमान निघे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप इयत्ता ठरते. शिवाय जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांत १ जून या दिवशी जन्मलेल्यांची जी गर्दी आढळते, तिचे रहस्य शिक्षकांस सांगावयास नको! तथापि मुलाच्या कामाकडे पाहताना त्याचे वय विचारात घ्यावे, एवढा बोध कोठेही लागू पडतो.

१९५९ साली पेग्नाटो व बर्च यांनी पिट्सबर्ग येथील एका शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे व्यक्तिगत कसोटीने ९१ मुले असामान्य ठरली. शिक्षकांनी १५४ नावे दिली होती. त्यांत या ९१ पैकी ४१ च मुले होती. म्हणजे निम्म्याहून अधिक निसटली, आणि ११३ नावे केवळ चांगल्या विद्यार्थ्यांची निघाली. या आकड्यांवरून शिक्षकांस दोष देणे मात्र घाईचे होईल. कॅनडातील संशोधक फ्रान्स्वा गान्ये यांनी १९९४ साली दाखवून दिले की, असे हिशेब किती नावे मागितली यावर पुष्कळसे अवलंबून असतात, आणि अन्य पद्धतींच्या तुलनेत शिक्षक तितके वाईट ठरत नाहीत.

माझ्या मते खरा दोष प्रश्नाचा आहे. ‘हुशार कोण?’ असे मोघम विचारले की स्वच्छ अक्षराचे, वेळेवर येणारे, शुद्ध बोलणारे मूल डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणूनच रेन्झुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली अभिप्रायाची जी श्रेणी तयार केली, तिच्यात मुलाचे विशिष्ट वर्तन किती वेळा आढळते, एवढेच विचारले आहे.

अशा तक्त्यातही एक धोका संभवतो. थॉर्नडाइक यांनी १९२० सालीच नोंदविले होते की, सैन्यातील अधिकारी हाताखालच्यांची बुद्धी, शरीरयष्टी व चारित्र्य निरनिराळे मोजत नव्हते. एका चांगल्या ग्रहाची प्रभा सर्व रकान्यांवर पडत होती. यावर उपाय सोपा आहे. एका मुलाचे सर्व रकाने एकदम भरू नयेत. ‘न शिकविलेली रीत स्वतः शोधतो’ हा एकच रकाना घेऊन साऱ्या पटावरून उतरावे. दुसरा रकाना दुसऱ्या दिवशी घ्यावा. एखाद्या मुलाच्या आठही रकान्यांत एकच गुण पडला असेल, तर मापन आठदा न होता एकदाच झाले असे समजावे. गुणाशेजारी घडलेला प्रसंग तारखेसह लिहिल्यास उत्तम.

ज्यांची नावे सहसा सुचतच नाहीत, त्यांचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. घरी भिली किंवा गोरमाटी बोलणारे मूल प्रमाण मराठीत अडखळते, आणि ते अडखळणे बुद्धीच्या खाती जमा होते. सुगीत गैरहजर राहणारी, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी वहीत मागे असते. पण बाजाराचा हिशेब ती तोंडी चोख करते. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड जिल्ह्यात २००५ पासून शिक्षक-पालकांच्या शिफारशीवर न थांबता दुसरीच्या सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी होऊ लागली, तेव्हा विशेष वर्गांत गरीब, कृष्णवर्णी व हिस्पानी मुलांची संख्या लक्षणीय वाढली. ती मुले त्याच शाळांत आधीपासून बसत होती.

आपल्या खेड्यात ही चाळणी शिक्षकाच्या हाती असते, जरी तिला तसे नाव नसले तरी. जवाहर नवोदय विद्यालयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत. परंतु परीक्षेची वार्ता पाचवीतील कोणत्या घरी पोचते आणि कोणाचा अर्ज भरला जातो, हे पुष्कळ ठिकाणी गुरुजी किंवा बाईच ठरवितात. तेव्हा अर्जाच्या दिवसांत संपूर्ण पट समोर घ्यावा, आणि ज्यांचे अर्ज भरावयाचे नाहीत त्या प्रत्येकाच्या नावापुढे कारण एका ओळीत लिहावे. ‘अक्षर वाईट’, ‘बोलत नाही’, ‘घरचे येत नाहीत’ अशी कारणे उमटली, तर ती बुद्धीविषयी काही सांगत नाहीत. अशा मुलाच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन पालकांची संमती घ्यावी व अर्ज भरावा. त्यास शुल्क पडत नाही.