बुरशी लागण्याआधी : कॅमेरा, लेन्स आणि चामड्याची केस



गेल्या वर्षी आपल्या मदतनिधी मेळाव्यात जुन्या कॅमेऱ्यांचं एक टेबल मांडलं होतं. कल्पना साधी होती. घरोघरी कपाटात पडून असलेले कॅमेरे सभासदांनी द्यायचे, ते विकून येणारे रियाल कोकणातल्या मुलींच्या वसतिगृहाकडे पाठवायचे. फिल्मच्या कॅमेऱ्यांना आजकाल तरुण मुलांकडून पुन्हा मागणी आहे, त्यामुळे टेबलाभोवती गर्दीही झाली. पण एक कॉलेजकुमार एका सुंदर कॅमेऱ्याच्या लेन्समधून मोबाइलचा उजेड पाडून बघत होता. त्याने तो हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, आत जाळं आहे." मग मी एकेक कॅमेरा उचलून पाहिला. निम्म्याहून अधिक कॅमेऱ्यांत कमी-जास्त बुरशी होती. देणाऱ्यांनी मनापासून दिलं होतं, वस्तूही उत्तम होत्या, पण वसतिगृहाला त्यातलं फारसं काही मिळालं नाही. यंदा तसं होऊ नये म्हणून हा लेख लिहायला घेतला.

दुसऱ्याला शिकवायला निघालेला हा माणूस स्वतः ठेच खाल्लेला आहे, हेही आधीच सांगून टाकतो. माझ्या बाबांनी मस्कतला आल्यावर पहिल्या काही पगारांतून याशिका इलेक्ट्रो ३५ घेतला होता. १९६६ साली बाजारात आलेलं हे मॉडेल आखातातून गावी जाणाऱ्या अनेकांच्या गळ्यात दिसायचं. तपकिरी चामड्याची कडक केस, पितळी बटणं, आत लाल मखमल. गावी गेल्यावर बाबा तो कॅमेरा केससकट लोखंडी ट्रंकेत, कपड्यांच्या घडीत, डांबरगोळ्या घालून ठेवत. यापेक्षा जास्त काळजी कोण घेणार? रत्नागिरीचे चार पावसाळे त्या ट्रंकेवरून गेले. पुढे मी ती उघडली तेव्हा केसवर हिरवट पांढरी लव होती, बटणं कळकलेल्या भांड्यासारखी हिरवी झाली होती, आणि लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. त्या काळजीतली जवळपास प्रत्येक गोष्ट चुकीची होती. ती का चुकीची, ते पाहू.

बुरशीचं बीज हवेत सगळीकडे असतं. तुमच्या नव्या कोऱ्या कॅमेऱ्यावरही ते आत्ता बसलेलं आहे. ते रुजायला चार गोष्टी लागतात: ओल, अंधार, कोंडलेली हवा आणि थोडंसं खाद्य. खाद्य म्हणजे काय? धूळ, बोटांचा तेलकट ठसा, चामडं, कापडाचे तंतू, यंत्रातलं वंगण. काच तिला खाता येत नाही, पण वाढताना ती जे आम्ल सोडते ते काचेवरच्या अतिपातळ लेपाला आणि पुढे काचेलाही खातं. म्हणून उशीर झाला की बुरशी पुसली तरी तिचा ठसा राहतो. चार गोष्टींपैकी आपल्या हातात खऱ्या अर्थाने एकच, ओल. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर सलग तीन-चार दिवस राहिली की धोका सुरू झाला असं समजावं. ४० ते ५० टक्के ही कॅमेऱ्याला सुखाची जागा. फार कोरडंही नको, ३० च्या खाली चामडं तडकतं आणि वंगण सुकतं.

आता तुम्ही म्हणाल, आपण तर वाळवंटात राहतो, घरात एसी, ओल कुठून आली? एसी चालू असतो तोवर खरोखरच काळजी नाही, तो हवेतलं पाणी काढूनच टाकतो. घोटाळा होतो तो जून ते ऑगस्टमध्ये. शाळांना सुट्टी लागली की आपण सगळे कुटुंबासह गावी जातो, निघताना विजेचं बिल आठवून सगळे एसी बंद करतो, खिडक्या घट्ट लावतो आणि किल्ली नातूरकडे देतो. बाहेर समुद्रावरून येणारी दमट हवा कुठून ना कुठून आत शिरते आणि शिरली की तिथेच राहते. त्यात शेजाऱ्यांचा एसी चालू असेल तर सामाईक भिंत गार असते. गार भिंतीजवळची हवा नेहमी जास्त ओली, आणि आपलं कपाट नेमकं त्या भिंतीला टेकलेलं! परत आल्यावर कुबट वास येतो, चपला-बुटांवर लव दिसते, बायकोच्या पर्सवर ठिपके दिसतात. पर्स दिसते म्हणून आपण ती पुसतो. कॅमेरा केसमध्ये असतो, म्हणून तो राहून जातो.

आणि गावचं घर? कोकणात पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे हवा ८० टक्क्यांच्या वर असते. पापड सादळतो, काड्यापेटी पेटत नाही, मीठ पाझरतं. जिथे मीठ पाझरतं तिथे कॅमेरा ठेवू नये.

आता केसकडे येऊ, कारण मुख्य आरोपी तीच आहे. चामडं हवेतलं पाणी पिऊन धरून ठेवतं. एक हिशेब बघा. ३० अंश तापमानाला आणि ७० टक्के आर्द्रतेला दहा लिटरच्या डब्यातल्या हवेत पाणी किती? जेमतेम पाव ग्रॅम. त्याच हवेत राहिलेल्या पाव किलोच्या चामडी केसमध्ये किती? तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी! केस बंद करून कॅमेरा ठेवला की तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखाच होतो. शिवाय आत अंधार, हवा बंद, मखमलीचे तंतू आणि चामड्याचं तेल. बुरशीला आमंत्रण द्यायला आणखी काही लागत नाही. केस प्रवासासाठी असते, साठवणीसाठी नाही. घरी आलात की कॅमेरा बाहेर काढा, दोघांची बिऱ्हाडं वेगळी करा. केस उघडी ठेवून जुन्या सुती साडीच्या किंवा मलमलच्या पिशवीत, हवा खेळेल अशा जागी ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नको. आत चुरगळलेला पांढरा कागद भरला की आकार टिकतो.

केसवर लव आलीच असेल तर ती गॅलरीत न्या, घरात झटकू नका. नाकातोंडावर मास्क लावा, दम्याच्या माणसाने तर हे काम दुसऱ्याला द्यावं. मऊ कोरड्या ब्रशने लव काढा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पुसा, आधी तळाशी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग जातो का ते बघून. शिवणीजवळ जरा जास्त लक्ष द्या, दोरा कुजतो तो तिथेच. दोन दिवस सावलीत, पंख्याखाली वाळवा. पूर्ण वाळल्यावरच चामड्याचं क्रीम अगदी पातळ हाताने लावा. आपल्याकडे चामड्याला खोबरेल तेल चोपडायची सवय आहे, तेवढी मोडा. तेलाने चामडं काळपट आणि लिबलिबीत होतं, आणि बुरशीला मेजवानी मिळते. पितळी बटणांवरचा हिरवा कळंक कोरड्या लाकडी काडीने खरवडून काढा. चिंच किंवा पितांबरी लावायचा मोह होईल, पण त्याचा ओघळ चामड्यात मुरतो.

डांबरगोळ्या आणि कापूर यांच्याबद्दल स्पष्टच सांगतो, कॅमेऱ्याजवळ दोन्ही नकोत. निकॉनसारख्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेतच तसा इशारा देतात. गोळ्या ओल शोषत नाहीत, त्यांची वाफ मात्र काचेवर आणि प्लॅस्टिकवर बसते. बाबांच्या ट्रंकेतला हाच घोळ. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणं हाही असाच प्रकार. तांदूळ फारसं पाणी ओढत नाही, पिठाची धूळ मात्र आत जाते. कपाटात लटकवायच्या, खाली पाणी साठणाऱ्या पुड्या मिळतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. त्या कपड्यांच्या कपाटात ठीक आहेत. कॅमेऱ्याच्या डब्यात ते खारं पाणी सांडलं तर धातू गंजलाच. आणि ऊन! पापड-कुरडयांसारखी लेन्स वाळत घालू नका. मस्कतच्या उन्हात वंगण पातळ होऊन लेन्सच्या पडद्यांवर उतरतं. शिवाय लेन्स हे शेवटी भिंगच, कापडी शटरच्या कॅमेऱ्यात सूर्य नेमका पडला तर भोक पडतं.

मग करायचं काय? रबराची कड असलेला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक, बस्स. पंधरा-वीस लिटरच्या डब्याला पाव किलो जेल पुरे. निळं जेल ओलं झालं की गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. लहान मुलं असतील तर नारिंगी जेल घ्या. रंगावर विसंबायचं नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. सुकं असताना वजन लिहून ठेवा, ते पाचव्या हिश्श्याने वाढलं की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा आणि झाकण लावून गार करा. पुन्हा नव्यासारखं! जेल उघडं न टाकता सुती पुरचुंडीत बांधा, त्याची धूळ लेन्सवर नको.

स्वस्तातली आर्द्रतामापकं बऱ्याचदा खोटं बोलतात. त्यांची परीक्षा मिठाने घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम भिजेल इतकं पाणी घाला, मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ८० दाखवत असेल तर ते पाच अंक जास्त सांगतं, कागद चिकटवून त्यावर तसं लिहा. कॅमेरे-लेन्स बरेच असतील तर विजेवर चालणारं कोरडं कपाट मिळतं, ४५ वर लावून विसरून जायचं. पण दोन कॅमेऱ्यांसाठी त्याची गरज नाही. त्या पैशांना वसतिगृहात जास्त चांगलं काम आहे.

सुट्टीला जाताना आणखी दोन गोष्टी. कॅमेऱ्यातल्या बॅटऱ्या काढा. आणि एक एसी २८ वर, सुकवणीच्या मोडवर चालू ठेवता आला तर ठेवा. बिल येईल, पण बूट, पर्सा, पुस्तकं, सगळंच वाचेल.

थंड देशांतले आपले भाऊबंद बर्फातून घरात आले की त्यांच्या लेन्सवर वाफ धरते. आपलं उलटं, घरातून बाहेर पडलो की. बाहेर ३३ अंश आणि ७५ टक्के दमटपणा असेल, तर २८ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं. आपला कॅमेरा तर २२ अंशांच्या खोलीतून निघालेला! म्हणून निघायच्या आधी, खोलीतच, तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर गेल्यावर अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. पाणी पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. तेवढ्यात लेन्स मात्र बदलू नका.

सलालाला जाणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे खरीफ असतो. (आपला खरीप हंगाम तो हाच अरबी शब्द बरं का!) हजार किलोमीटर वाळवंट तुडवून त्या हिरव्या डोंगरांत पोचलं की डोळे भरून येतात, थेट आंबोली घाटाची आठवण. पण ते धुकं आणि ती भुरभुर चामड्याच्या बॅगेत मुरते. तिथे कापडी बॅग न्या, रात्री हॉटेलवर कॅमेरा बॅगेतून काढून उघड्यावर ठेवा, आणि मस्कतला परतलात की दुसऱ्याच दिवशी पुसून डब्यात टाका. "रविवारी बघू" म्हटलं की तो रविवार दिवाळीत येतो.

तुमच्या कॅमेऱ्यात बुरशी आहे का? लेन्स पूर्ण उघडी करा, एका बाजूने छोटी बॅटरी तिरकी धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, तिची चिंता नको. जाळं, फांद्या किंवा बर्फाच्या नक्षीसारखं दिसलं तर ती बुरशी. बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्सच्या द्रावाने आणि मऊ फडक्याने पुसून पाहा. आत असेल तर स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, जाणकाराकडे द्या, आणि लवकर द्या. तोवर ती लेन्स वेगळ्या डब्यात ठेवा. बुरशीचं बीज सगळीकडेच असलं तरी भरलेलं जाळं शेजारी नांदवायची गरज नाही.

यंदाही टेबल मांडायचं ठरलं आहे. कॅमेरा देताना केस वेगळ्या पिशवीत द्या आणि बुरशी दिसली असेल तर चिठ्ठीवर तसं लिहा, लाजू नका. थोडी बुरशी असलेला कॅमेराही कमी किमतीत, सांगून विकता येतो. न सांगता विकला तर पुढच्या वर्षी टेबलाशी कोणी फिरकणार नाही. शक्यतो आठ-दहा दिवस आधी आणून द्या, म्हणजे आम्हाला तपासायला वेळ मिळेल.

बाबांचा याशिका मी मुंबईत फोर्टातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून साफ करून घेतला. जाळं गेलं, पण मागच्या काचेवर एका कडेला नखाएवढा डाग राहिला, तो कायमचा. उन्हाकडे तोंड करून फोटो काढला की त्या कोपऱ्यात थोडं धुकं येतं. केस वाचली नाही. कॅमेरा आता डब्यात असतो, ४५ टक्क्यांवर. तो मात्र मी टेबलावर ठेवणार नाही, त्याच्याऐवजी माझा दुसरा, स्वच्छ लेन्सचा कॅमेरा देतो आहे.