इंजिन खोलण्यापूर्वी : डिझेल तुटणे व ऑईल कमी होणे यांची पारख



अंबरनाथ पूर्वेकडील पालेगाव आणि लगतची आनंदनगर एमआयडीसी या भागात ट्रकवर पोट असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. कोणाची गाडी स्वतःची, कोणाची हप्त्यावर. कोणी चालक, कोणी मिस्त्री. एकाच गाडीच्या मालकाला "इंजिन गेले" असे सांगितले की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. लायनर-पिस्टनचा खर्च तर येतोच, शिवाय गाडी उभी राहते, भाडे बुडते आणि हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून इंजिन खोलण्यापूर्वी काय काय पाहावे याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण घेऊ. गाडी जुनी, सहा सिलिंडरची, लाईन पंपाची. बदलापूर, मुरबाड, माळशेज घाट चढून आळेफाट्याला माल टाकायचा आणि येताना कल्याणच्या बाजार समितीसाठी कांदा भरायचा, असा तिचा फेरा. तक्रारी दोन होत्या. घाट चढताना गाडी दम तोडे व बंद पडे. आणि दर फेऱ्याला दोन लिटर ऑईल टाकावे लागे. एका गॅरेजने पंप उतरवून संपूर्ण इंजिनकाम करण्याचा सल्ला दिला होता. मालक पैशांची जुळवाजुळव करून पालेगावातील एका वयस्क मिस्त्रीकडे आला.

"उस्ताद, इंजिन कधी खोलता?"

"थांबा शेठ. चढावर दम तोडते तेव्हा काळा धूर येतो का?"

"नाही."

"निळा?"

"तोही नाही."

"रात्री गाडी उभी करता तिथे खाली डाग पडतो?"

"जमीन कोरडी असते."

"मग ऑईल जळत नाही आणि गळतही नाही. ते जाते कुठे, ते आधी शोधू."

उस्तादांनी गाडीखाली जाऊन ब्रेकच्या हवेच्या टाकीचा ड्रेन ओढला. पाण्यासोबत काळे ऑईल भळभळ बाहेर आले. हवेचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ऑईलवर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या होत्या आणि इंजिनचे ऑईल हवेबरोबर टाकीत जात होते. डिझेलच्या तक्रारीचे मूळ फीड पंपाच्या अलीकडे, बँजो बोल्टच्या चेपलेल्या तांब्याच्या वॉशरमध्ये निघाले. इंजिनला हात न लावता गाडी तिसऱ्या दिवशी रस्त्यावर गेली.

या उदाहरणातून जो धडा मिळतो तो आता क्रमाने पाहू.

डिझेलची वाट

टाकी, जाळी, पाईप, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल अशी डिझेलची वाट आहे. तपासणी नेहमी टाकीपासून सुरू करावी. पुष्कळजण उलट टोकाने, म्हणजे पंप व नोझलपासून सुरू करतात. तेथे खर्च सर्वात जास्त असतो.

पहिली खूण धुराची. ताकद कमी आणि धूर काळा, तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. आधी एअर फिल्टर पाहावा. ताकद कमी आणि धूर जवळजवळ नाहीच, तर डिझेल पुरेसे पोहोचत नाही असे समजावे.

दुसरी गोष्ट टाकीच्या झाकणाची. झाकणातील हवेचे भोक बुजले तर टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल ओढले जात नाही. गाडी दम तोडताच बाजूला थांबवून झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर दोष सापडला. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी साचते, म्हणून तळाचा नट सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर ते खाली बसते.

तिसरी गोष्ट हवा घेण्याची. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा आहे. तेथे फट असली तर डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून "कुठेच लीक नाही" हे उत्तर पुरेसे नाही. फीड पंपाच्या पुढचा भाग दाबाचा असल्यामुळे तेथील फटीतून डिझेल बाहेर येते. रात्रभर उभी गाडी सकाळी हँड पंप मारल्याशिवाय सुरू होत नसेल, तर ओढीच्या बाजूचे वॉशर, रबरी नळी व फीड पंपाचे व्हॉल्व्ह तपासावेत.

याची एक सोपी परीक्षा आहे. स्वच्छ डबा डिझेलने भरून फीड पंपापेक्षा उंच ठेवावा व छोट्या नळीने थेट फीड पंपाला जोडावा. गाडी नीट चालली तर दोष टाकी ते फीड पंप यांच्या दरम्यान आहे. तरीही चालली नाही, तर फिल्टर व त्यापुढे जावे. या परीक्षेला नळी व डबा एवढाच खर्च आहे.

ऑईल जाण्याच्या वाटा

आधी माप नीट घ्यावे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून, दहा-पंधरा मिनिटांनी पट्टी पाहावी. किलोमीटर व टाकलेले ऑईल वहीत लिहावे. गाडी लिटरला ४ किलोमीटर देत असेल, तर १,००० किलोमीटरला २५० लिटर डिझेल लागते. त्यात १ लिटर ऑईल गेले तर ते डिझेलच्या ०.४ टक्के झाले. हा आकडा कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहावा. "फार खाते" या बोलण्यावर इंजिन खोलू नये.

बाहेर गळणे : सेकंदाला एक थेंब पडला तरी आठ तासांत साधारण सव्वा ते दीड लिटर ऑईल जाते. इंजिन धुऊन, कोरडे करून, अर्धा तास चालवावे आणि सर्वात वरचा ओला भाग शोधावा. खालचा डाग फसवतो, कारण ऑईल ओघळून येते. क्लच हाऊसिंगमधून थेंब पडत असेल तर ते इंजिनचे की गिअरचे, हे वासावरून व जाडीवरून ओळखावे. सील बदलण्यापूर्वी ब्रीदर साफ करावा. ब्रीदर बुजला असेल तर आतला दाब नवे सीलही फोडतो.

जळणे : भार ओढताना सतत निळा धूर आला तर संशय रिंगांचा. बराच वेळ आयडलवर उभी राहून निघताना, किंवा उतारावरून येऊन ॲक्सिलरेटर दाबताच निळा झोत आला तर संशय व्हॉल्व्ह गाईड व सीलचा. टर्बोच्या गाडीत टर्बोनंतरचा हवेचा पाईप सोडून आत ऑईल साचले आहे का ते पाहावे. बुजलेला एअर फिल्टरही टर्बोतून ऑईल ओढू शकतो.

पाण्यात जाणे : रेडिएटरमध्ये तेलकट थर दिसला तर ऑईल कूलर किंवा हेड गॅस्केट तपासावे. पट्टीवर दुधाळ ऑईल दिसले तर पाणी ऑईलमध्ये उतरले आहे. अशी गाडी चालवू नये.

हवेच्या टाकीत जाणे : ही वाट सर्वात जास्त विसरली जाते. टाकीत थोडे तेलकट पाणी साचणे नवलाचे नाही. टाकी पूर्ण रिकामी करून दिवसभर गाडी चालवावी व संध्याकाळी निघालेले ऑईल मापात धरावे. येथे प्रश्न केवळ ऑईलच्या पैशांचा नाही. हे ऑईल ब्रेक व्हॉल्व्हची रबरे खराब करते. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना त्याची किंमत जिवाने मोजावी लागेल.

ऑईल वाढणे : ऑईल कमी न होता पट्टीवर वाढत असेल तर खूश होऊ नये. त्यात डिझेल मिसळत असते. पट्टीला डिझेलचा वास येतो, ऑईल पातळ लागते आणि बेअरिंग धोक्यात येतात. फीड पंपाचा दांडा, मोठ्या पंपाचे प्लंजर व नोझल तपासावेत.

नव्या गाड्यांबाबत सावधान

आपल्याकडे ज्याला अजूनही "मायको पंप" म्हणतात, त्या नावाची मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली बंगळूर येथे सुरू झाली व २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. त्या लाईन पंपावर हात बसलेले कारागीर एकेका नोझलची नळी ढिली करून कोणता सिलिंडर काम करत नाही हे ओळखतात. मात्र कॉमन रेलच्या गाडीवर हे कदापि करू नये. देशभर २०१७ च्या एप्रिलपासून बीएस-४ व २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ नियम लागू झाले आणि कॉमन रेल सर्रास आले. त्यातील दाब हजार बारच्याही वर जातो. बारीक फटीतून येणारी धार हातमोजा व कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. लीक शोधण्यासाठी पुठ्ठा वापरावा, हात नव्हे. धार लागलीच तर दुखण्याची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे. अशा गाडीत स्कॅनरने दोष वाचणे आणि प्रत्येक इंजेक्टरचे परतीचे डिझेल मोजणे हाच योग्य मार्ग होय. आमच्या तरुण कारागिरांनी हे काम लवकर शिकून घ्यावे.

शेवटी व्यवहाराची गोष्ट

गिऱ्हाईकाची गाडी ही आपल्या हाती दिलेली अमानत असते. काय तपासले, काय आढळले, कोणता भाग बदलला हे कागदावर लिहून द्यावे आणि जुना भाग मालकाच्या हाती ठेवावा. मालकानेही तपासणीची मजुरी देताना "नुसते पाहिले तर होते" असे म्हणू नये. त्या पाहण्यानेच त्याचे इंजिन वाचते. वर सांगितलेल्या उस्तादांना इंजिनकामाची मोठी रक्कम मिळाली नाही. परंतु त्या मालकाच्या ओळखीच्या गाड्या आज त्यांच्याच दारात उभ्या राहतात. कारागिराची खरी कमाई हीच आहे.