प्रीती आणि करार

महाविद्यालयाच्या वार्षिकात 'प्रेम' या विषयावर लेख आला की वाचकांच्या चेहऱ्यावर प्रथम मिस्किल हसू उमटते, हे मी जाणून आहे. आमच्याच वर्गात हा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकांवर एकाएकी खोकल्याची साथ पसरली होती. तत्त्वज्ञानाचा तास होता आणि सरांनी प्रश्न टाकला होता, "प्रेम करण्याची आज्ञा देता येते का?" बहुतेकांनी एकमुखाने 'नाही' म्हटले. भूक लागते, झोप येते, तसे प्रेम होते. ते हुकमाने कसे व्हावे? मी मात्र गप्प राहिले. ज्या ख्रिस्ती घरात मी वाढले तेथे प्रेम हे लहानपणापासून आज्ञा म्हणूनच कानावर पडले होते. शिवाय त्याच आज्ञेच्या आधाराने माझ्या आत्याला काय ऐकावे लागले होते, तेही मला ठाऊक होते. त्या दिवशी न दिलेले उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. माझा अभ्यास थोडा आहे, याची जाणीव ठेवूनच लिहीत आहे.

आज्ञा आणि भावना

सरांच्या प्रश्नाला तत्त्वज्ञानात जुना इतिहास आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1785 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिमीमांसेत याच प्रश्नाला हात घातला. ओढ म्हणून वाटणारे प्रेम आज्ञेने उत्पन्न करता येत नाही, हे त्याला मान्य होते. परंतु कर्तव्यबुद्धीने दुसऱ्याचे हित करणे हेही प्रेमच आहे, ते इच्छाशक्तीत वसते आणि म्हणून त्याची आज्ञा देता येते, असे त्याने प्रतिपादन केले. पुढे 1847 साली डेन्मार्कच्या किर्केगार्डने ख्रिस्ती प्रेमावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्याचा रोख थोडक्यात असा : मनाच्या लहरीवर उभे असलेले प्रेम बदलू शकते, विझू शकते, उलटून द्वेषही होऊ शकते. प्रेम कर्तव्य झाले की मगच ते या भीतीतून सुटते.

नव्या करारातील योहानाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतो आणि मग त्यांना एकमेकांवर प्रीती करण्याची नवी आज्ञा देतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी पाण्याचे भांडे आणि कमरेला रुमाल, नंतर शब्द. तुम्हांला एकमेकांविषयी काय वाटते, असे तो शिष्यांना विचारतच नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलेले असते. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात आणि यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनी थांबतो. त्याला कळवळा आला, असे कथेत एका वाक्यात सांगितले आहे. त्यानंतर मात्र कामांची यादीच येते : जखमांवर तेल व द्राक्षारस घालणे, पट्ट्या बांधणे, आपल्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत नेणे, तेथे दोन नाणी देणे आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना तो भागवण्याचे वचन देणे. कळवळा एका क्षणाचा असेल. प्रीती म्हणजे त्यानंतरची ती दोन नाणी आणि परत येण्याचे वचन, असे मला वाटते.

शब्दांचा विचार

प्रवचनांतून नेहमी सांगितले जाते की ग्रीक भाषेत प्रेमाला वेगवेगळे शब्द आहेत : कामनेचा 'एरॉस', मैत्रीचा 'फिलिया', घरच्या मायेचा 'स्टॉर्गे' आणि निःस्वार्थ प्रेमाचा 'अगापे'. सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाने 1960 साली याच चार प्रकारांवर पुस्तक लिहिले. नव्या करारात 'एरॉस' हा शब्द एकदाही येत नाही, ही गोष्ट खरी आहे. परंतु 'अगापे' या शब्दातच काही पावित्र्य भरलेले आहे, असे मानणे बरोबर नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, दाविदाचा मुलगा अम्नोन याला तामारेविषयी वाटणारी ओढ याच शब्दाने सांगितली आहे. आणि ती ओढ तिच्यावर बलात्कार करून लगेच द्वेषात बदलली. तेव्हा शब्दाला अर्थ आला तो ख्रिस्ताच्या जीवनाने, कोशाने नव्हे.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्या बायबलात दोन शब्द विचार करण्याजोगे आहेत. 'अगापे'साठी 'प्रीती' आणि परमेश्वराने माणसाशी जोडलेल्या नात्यासाठी 'करार'. ग्रंथाच्या दोन भागांची नावेच मुळी जुना करार आणि नवा करार अशी आहेत. करार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भाड्याची खोली आणि मुद्रांकाचा कागद येतो. व्यवहारातील करारात एका पक्षाने अट मोडली की दुसरा मोकळा होतो. बायबलातील परमेश्वर मात्र लोकांनी करार मोडल्यावरही त्यांना पुन्हा हाक मारतो. यासाठी हिब्रू भाषेत 'हेसेद' असा शब्द आहे. मराठी बायबलात त्याला पुष्कळदा 'दया' म्हटले आहे. पण त्यात दयेबरोबर निष्ठाही आहे, दिलेल्या शब्दाला जागणे आहे.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण रूथच्या छोट्याशा पुस्तकात सापडते. नामी नावाची विधवा परमुलखात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परत निघते. मवाबी सून रूथ हिला ती माहेरी जाण्यास सांगते. रूथ ऐकत नाही. सासूचा देश, सासूचे लोक आणि सासूचा देव आपला मानून ती तिच्याबरोबर चालू लागते. रूथचे हे उद्गार अनेक ठिकाणी ख्रिस्ती विवाहप्रसंगी वाचले जातात, आणि ते वराला उद्देशून नसून सासूला उद्देशून आहेत हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही! सासू-सुनेच्या नात्याविषयी आपल्याकडे काय काय बोलले जाते ते पाहता, निष्ठेचा आदर्श म्हणून हेच नाते पुढे यावे ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे.

याचा अर्थ बायबलाला शृंगाराचे वावडे आहे असा नाही. गीतरत्न हे पुस्तक स्त्रीपुरुषांच्या परस्पर ओढीचेच आहे. राहेलीसाठी याकोबाने सात वर्षे चाकरी केली आणि ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. आकर्षण हे देणे आहे. पण त्याच्यावरच घराचे सगळे ओझे टाकू नये, एवढेच म्हणणे आहे.

'आहे का?' आणि 'करशील का?'

मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या बहिणीचे लग्न चर्चमध्ये होते. आमच्याबरोबर वर्गातील काही हिंदू मैत्रिणी प्रथमच असे लग्न पाहत होत्या. विधी संपल्यावर त्यांपैकी एक म्हणाली, "अगं, पाळकांनी 'तुझं हिच्यावर प्रेम आहे का' असं विचारलंच नाही!" मी इतक्या लग्नांना गेले, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. प्रश्न होता तो 'प्रीती करशील का' असा. इंग्लंडच्या चर्चने 1549 साली आपले प्रार्थनापुस्तक इंग्रजीत काढले, त्यातही वधूवरांना विचारलेला प्रश्न पुढील आयुष्याविषयीचा आहे आणि उत्तर 'करीन' असे आहे. आजार, गरिबी, वाईट दिवस यांची नावे घेऊनच वचन दिले जाते. मंगलप्रसंगी अशा अशुभ गोष्टी कशाला, असे कोणालाही वाटेल. पण चांगल्या दिवसांसाठी वचनाची गरजच काय? हिंदू विवाहातही वर 'नातिचरामि' म्हणतो, तेही पुढच्या आयुष्याला बांधून घेणेच आहे. भावनेचे वचन कोणी देऊ शकत नाही. वर्तनाचे देता येते. वर्गातील प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्या मांडवात मिळाले.

एक कठीण आक्षेप

उरलेले अर्धे उत्तर सोपे नाही. माझी आत्या लग्नानंतर चौथ्या वर्षी लहान मुलाला कडेवर घेऊन माहेरी आली. तिच्या दंडावरचे वळ घरातल्या बायकांनी पाहिले होते. समाजातील वडीलधारी मंडळी समजूत घालायला आली आणि त्यांनी तिला प्रेषित पौलाचा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय ऐकवला. प्रीती सोसते, प्रीती धीर धरते, तेव्हा तू परत जा! प्रेम म्हणजे बांधिलकी, हे सूत्र असे वापरले गेले तर ते दुबळ्याच्या पाठीवर ठेवलेला धोंडा ठरते. हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही.

म्हणून मी तो अध्याय त्याच्या जागी ठेवून वाचला. पौलाने हे पत्र इ. स. 55 च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिले. ती मंडळी गटागटांत भांडत होती. ज्यांच्यापाशी विशेष कृपादाने होती ते इतरांना तुच्छ लेखत होते. बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांत याच भांडणाचा विषय आहे आणि प्रीतीचा अध्याय त्या दोहोंच्या मध्ये आहे. तो विवाहासाठी लिहिलेला नाही. फुगणारे, मिरवणारे, आपलेच खरे करणारे जे बलवान होते त्यांचे कान उपटण्यासाठी तो लिहिला गेला. शिवाय प्रीतीला अन्यायात आनंद नसतो, हेही त्याच अध्यायात आहे; ते मात्र आत्याला कोणी वाचून दाखवले नाही. इफिसकरांस पत्रातही, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशी प्रीती करण्याची आज्ञा आहे ती नवऱ्याला. म्हणजे सोसण्याची पहिली पाळी त्याची!

कायद्यानेही हे ओझे बराच काळ विषम ठेवले होते. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. ख्रिस्ती बायकोने केवळ नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याला क्रूरतेची किंवा दोन वर्षे टाकून दिल्याची, अशी आणखी जोड द्यावी लागे. नुसती मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला घटस्फोटाची वाटच नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 साली या विषमतेविरुद्ध निर्णय दिला आणि 2001 साली संसदेने कायदा सुधारून दोघांना समान कारणे दिली. करार दोन्ही पक्षांना बांधतो, ही साधी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात यायला 132 वर्षे लागली.

आत्या परत गेली नाही. तिने शिवणकाम करून मुलाला वाढवले. पुष्कळ वर्षांनी नवरा दवाखान्यात पडला तेव्हा तिने मुलाच्या हाती रोज डबा पाठवला. स्वतः एकदाही गेली नाही. मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, "त्याच्याकडं जायचं नाही हे मी ठरवलंय. तो उपाशी राहावा असं कुठं ठरवलंय?" वैऱ्याचेही हित पाहावे आणि तरी त्याच्या अन्यायाला घर देऊ नये, हे मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या वाक्यातून अधिक कळले.

टिळकांचे घर

मराठीच्या विद्यार्थ्यांना या विषयाचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचली आहेत. 1880 च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, उदार आणि तितकेच तापट. घरात पैसा टिकत नसे आणि कधी कधी तेही टिकत नसत! 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. लहान दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांच्याजवळ राहायला गेल्या त्याही आपले सोवळे सांभाळून. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या मागोमाग फरफटत जाऊन नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी स्वतः झगडून त्या तेथे पोहोचल्या.

या संसारात 'एकमेकांचे सारे गोड वाटणे' फारसे नाही. लक्ष्मीबाई नवऱ्याचे दोष झाकत नाहीत, स्वतःचेही नाहीत. हसत हसत सगळे सांगतात. 1919 साली टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे होते. अवघे अकरा अध्याय झाले होते. शाळेत कधी न गेलेल्या, टिळकांकडूनच अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. 1936 साली त्यांचे निधन झाले आणि अखेरचा, शहात्तरावा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी लिहिला. ज्याच्याशी भांडलो, ज्याने आपल्याला न विचारता आयुष्याची दिशा बदलली, त्याचे अर्धे राहिलेले काम त्याच्यामागे ओवी ओवी करून पुढे नेणे याला काय म्हणावे? मला तरी 'प्रीती' हाच शब्द सुचतो.

समारोप

सारांश, ख्रिस्ती विचारात प्रेम हे प्रथम इच्छेचे आणि कृतीचे आहे. भावना त्याच्या आधी येईल, मागून येईल किंवा काही काळ रुसून बसेल. पण ही बांधिलकी ज्याची त्याने स्वीकारायची असते. दुसऱ्याच्या गळ्यात ती बांधता येत नाही. प्रीतीची आज्ञा मला दिलेली आहे, शेजाऱ्याला ऐकवण्यासाठी नाही. आत्याला समजावायला आलेल्या मंडळींची चूक मला येथे दिसते.

सरांनी तो प्रश्न पुन्हा विचारला तर मी आता गप्प बसणार नाही. प्रेम करण्याची आज्ञा देता येते, असे मी म्हणेन. मात्र ती स्वतःलाच पाळून दाखवावी लागते. मग मागच्या बाकांवरून कितीही खोकले तरी चालेल!

(तृतीय वर्ष कला)