अंगावर थुंकले तर काय करावे?



आजच्या पाठाचा विषय किळसवाणा आहे. तरी तो टाळून चालणार नाही. ज्या घराने नुकतीच दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव विसर्जित केले, त्या घरातल्या माणसाकडे गावात कसे पाहिले जाते हे तुम्हाला सांगायला नको. कोणी तोंड फिरवतो, कोणी उधार देणे बंद करतो. आणि एखादा दिवटा असा निघतो की तो पानाची पिंक सरळ अंगावर टाकतो. मारले तर वळ उठतो, डॉक्टर दाखला देतो. थुंकले तर काय दाखवायचे? म्हणून पुष्कळ माणसे घरी येतात, अंग धुतात, आणि कोणालाही सांगत नाहीत. काही जण उलट करतात. ते कुऱ्हाड शोधायला घरात धावतात. दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत.

थुंकी आणि आपण यांचे नाते जुने आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, कारण त्याची थुंकी रस्त्यावर पडली आणि तिच्यावर स्पृश्याचा पाय पडला तर तो बाटेल. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात याची नोंद केली आहे. आपली थुंकी जमिनीला लागलेली ज्यांना चालत नव्हती, त्यांची थुंकी आपल्या तोंडावर पडलेली मात्र त्यांना चालते! हा हिशेब एकदा नीट ध्यानात घ्या, म्हणजे थुंकणाऱ्याचा हेतू काय असतो ते कळेल. त्याला तुमचे हाड मोडायचे नसते. तुम्ही कोण आहात याची त्याला तुम्हाला आठवण करून द्यायची असते.

आता नव्या बौद्ध घरांतून हमखास येणारा प्रश्न असा : आपण पंचशील घेतले, क्षांती पारमिता ऐकली; मग पोलिसात जाणे हे धम्माविरुद्ध नाही का? संयुत्त निकायात अक्कोस सुत्त आहे. भारद्वाज कुळातला एक ब्राह्मण भगवंतांकडे प्रव्रजित झाला, म्हणून त्याच कुळातला दुसरा संतापून राजगृहाच्या वेळुवनात आला आणि त्याने बुद्धांना शिव्यांची लाखोली वाहिली. म्हणजे घरचा माणूस धम्मात गेला हाच त्याचा राग होता. तुमच्या गावातल्या रागाहून तो वेगळा नव्हता. बुद्धांनी त्याला विचारले की तुझ्याकडे पाहुणे येतात, तू त्यांना वाढतोस, आणि त्यांनी ते घेतले नाही तर ते अन्न कोणाचे राहते? तो म्हणाला, माझेच. तसेच तुझ्या शिव्या आम्ही घेत नाही, त्या तुझ्याचपाशी राहिल्या, असे बुद्धांनी त्याला समजावले.

या सुत्ताचा अर्थ, मुकाट्याने सोसा, असा कोणी सांगितला तर तो मान्य करू नका. बुद्ध तिथे गप्प बसले नाहीत. त्यांनी त्याला समोरासमोर उत्तर दिले. त्यांनी नाकारला तो क्रोध. फिर्याद म्हणजे क्रोध नव्हे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळीक देते, आणि अहिंसा हे तत्त्व आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. उलट हल्ला करायला माणसे तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पण त्यांनी प्रकरण सोडून दिले नाही. हल्लेखोरांवर खटला चालला आणि त्यांतल्या काहींना शिक्षाही झाली. हात आवरायचा आणि कायदा चालवायचा, ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच वेळी करून दाखवली आहेत.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे या. समजा, तुमची मुलगी शाळेतून येते आहे. पारावर बसलेल्यांपैकी एकाने जातीचा शब्द उच्चारला आणि तिच्या अंगावर पिंक टाकली. तुम्ही दहा पावलांवर आहात.

त्या क्षणी तुम्हाला काय करता येते? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे. तो स्वतःच्या शरीरासाठी आहे, तसा दुसऱ्याच्या शरीरासाठीही आहे. म्हणून आईबापाला मुलीसाठी तो वापरता येतो. थुंकणारा पुन्हा पुढे येत असेल तर त्याला ढकलून मागे सारणे, त्याचा हात धरणे, छत्री किंवा दप्तर आडवे धरणे, मुलीला ओढून बाजूला नेणे, हे सारे त्या हक्कात बसते. पण कलम ३७ दोन गोष्टी बजावते. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि सरकारी मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. कलम ४० सांगते की धोक्याची भीती असेपर्यंतच हा हक्क टिकतो. तो थुंकला, हसला आणि पाठ फिरवून चालू लागला, की धोका संपला. त्यानंतर तुम्ही त्याच्या पाठीत दगड घातला तर कायदा त्याला बचाव म्हणणार नाही, सूड म्हणेल. मग काय होते हे गावोगाव दिसते. तुमची फिर्याद राहते बाजूला, त्याच्या डोक्याला चार टाके पडतात, तुमच्यावर उलटी फिर्याद होते, आणि ‘तुम्ही ती मागे घ्या, आम्ही ही मागे घेतो’ असा सौदा सुरू होतो. पुष्कळदा थुंकणारा हेच व्हावे म्हणून थुंकलेला असतो.

अर्थात त्याच्यामागून पाचसहा जण काठ्या घेऊन उठले तर गोष्ट वेगळी. तेव्हा भीती थुंकीची नसते, मोठ्या इजेची असते, आणि बचावाचा हक्कही त्या मानाने वाढतो. तरीही पळून जाता येत असेल तर पळा. त्यात कमीपणा नाही.

रागाच्या भरात एक थप्पड मारली गेलीच असेल तर? लपवू नका. फिर्यादीत ती लिहा. गंभीर आणि अचानक चिथावणीने घडलेल्या कृत्याला कायदा कमी शिक्षा सांगतो. लपवलेली थप्पड मात्र उलटतपासणीत बाहेर येते आणि तुमचे बाकीचे खरेही खोटे ठरवते.

पुढचे काम हे की तोंड लगेच ओढ्यावर जाऊन धुऊ नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण ती थुंकी हाच पुरावा आहे. स्वच्छ कोरड्या फडक्याने ती टिपून घ्या आणि मग साबणाने तोंड धुवा. डोळ्यात गेली असेल तर मात्र पुराव्याचा विचार न करता आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. डाग पडलेला कपडा धुऊ नका. सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि नमुना कुजतो. पोलीस तो पंचनामा करून ताब्यात घेतात, आणि थुंकीवरून माणूस ओळखण्याची तपासणी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होऊ शकते. डोळ्यात, तोंडात किंवा उघड्या जखमेवर थुंकी गेली असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपर काढा. उपचार होतो आणि वेळ-तारखेचा कागदही हाती येतो. एड्सचा विषाणू थुंकीतून लागत नाही, त्या धास्तीने झोप घालवू नका. पाहणाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून घ्या. आठवड्याने कोणालाच काही आठवत नाही.

थुंकणे हा गुन्हा आहे का, असे ठाण्यात विचारले जाईल. आहे. संमतीशिवाय एखादी वस्तू दुसऱ्याच्या शरीराला किंवा कपड्याला लागेल असे करून त्याला त्रास देणे हा संहितेच्या कलम १२९ प्रमाणे फौजदारीपात्र बलप्रयोग आहे. त्याची साधी शिक्षा कलम १३१ मध्ये आहे. बेअब्रू करण्याच्या हेतूने तो केला तर कलम १३३ लागते, आणि त्यात २ वर्षांपर्यंत कैद आहे. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम अपमान केला तर कलम ३५२. बाईच्या विनयभंगाचा हेतू असेल तर कलम ७४, आणि ते दखलपात्र आहे. मात्र १३१, १३३ आणि ३५२ ही अदखलपात्र आहेत. म्हणून ठाणे अंमलदार एन.सी.चा कागद हातात देतो आणि घरी पाठवतो. तो कागद टाकून देऊ नका. त्याच्या आधारे दंडाधिकाऱ्याकडे तपासाचा आदेश मागता येतो किंवा थेट तक्रार करता येते.

पण तुमच्या बाबतीत एन.सी.वर थांबायचे की नाही, हे दुसऱ्या कायद्यावर ठरते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा आहे. त्याच्या कलम ३(१)(आर) प्रमाणे लोकांना दिसेल अशा ठिकाणी पाणउतारा करण्याच्या हेतूने केलेला अपमान, आणि ३(१)(एस) प्रमाणे तशाच ठिकाणी जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ, हे गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षे आणि दंड. हे गुन्हे दखलपात्र आहेत. एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सारे प्रकरण दखलपात्र धरले जाते.

इथे नव्या बौद्धांना एक थाप ऐकवली जाते : ‘तुम्ही आता बौद्ध झालात, तुम्हाला कुठला ॲट्रॉसिटी?’ हे साफ चुकीचे आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन त्यात बौद्धांचा समावेश झाला. पूर्वीची जात अनुसूचित असेल तर धर्मांतराने हे संरक्षण जात नाही. आदिवासी समाजातून आलेल्यांचेही जात नाही, कारण अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. मात्र जे बंधू इतर मागास समाजातून धम्मात आले, त्यांना हा कायदा लागू नाही. त्यांनी न्याय संहितेची कलमेच धरावीत. थुंकणारा स्वतः अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल तरीही हा कायदा लागत नाही. उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळणारा जातीचा दाखला दीक्षेनंतरच्या नोंदीसह काढून ठेवा. वेळ आल्यावर धावाधाव नको.

‘लोकांना दिसेल अशा ठिकाणी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. घराच्या फाटकापाशी, गल्लीतून दिसते अशा जागी झालेला अपमान यात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात म्हटले. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान यात बसत नाही, असे २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटले. पार, एस.टी. स्टँड, पाणवठा यांबद्दल शंका नको. म्हणून फिर्यादीत जागा लिहा, कोण हजर होते ते लिहा, आणि तो जे शब्द बोलला ते जसेच्या तसे लिहा. सभ्यपणासाठी शिवी गाळू नका. आणि न बोललेला शब्द घालूही नका. बांधावरून भांडण झाले, कोणी जातीचे काही काढले नाही, आणि आपण ॲट्रॉसिटी लिहून आलो, तर ते टिकत नाही. शिवाय पुढच्या खऱ्या फिर्यादीवर कोणी विश्वास ठेवत नाही. चौथे शील इथे कोर्टाच्याही कामाला येते.

या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे २०१८ च्या दुरुस्तीचे कलम १८-अ सांगते. ‘चौकशी करून बघू’ असे उत्तर मिळाले तर या कलमाचे नाव घ्या. तपास उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. फिर्याद वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. तिची प्रत फुकट मिळते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. नोंद नाकारली तर तीच खबर लेखी करून पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पावती जपा. तिथेही झाले नाही तर दंडाधिकारी आहेतच. जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या सरकारी नोकराला कलम ४ खाली शिक्षा आहे, हेही शांतपणे सांगता येते. आवाज चढवू नका. ठाण्यातल्या आरडाओरड्याची नोंद मात्र लगेच होते.

संध्याकाळी मंडळी घरी येतील. ‘पोरगा प्यायलेला होता, गावात राहायचे आहे ना, मिटवून टाका.’ त्यांना पाणी द्या, बसवा, आणि सांगा की फिर्याद झाली आहे, आता कोर्ट ठरवील. कोऱ्या कागदावर सही नको. पैसे तर मुळीच नकोत. किराणा बंद करू, मजुरी बंद करू, अशी धमकी आली तर तो याच कायद्यातला वेगळा गुन्हा आहे; तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. फिर्यादी आणि साक्षीदारांना संरक्षण मागण्याचा हक्क कलम १५-अ मध्ये आहे. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला आणि मुलाला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. अत्याचाराबाबत मदतीसाठी १४५६६ आणि तातडीच्या वेळी ११२ हे फोन क्रमांक घरातल्या भिंतीवर, मुलांना वाचता येतील इतक्या उंचीवर लिहा.

आणि मुलीचे काय? तिला दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवा, त्याच रस्त्याने, पण एकटी नको. आईने, मामाने, वस्तीतल्या दोन बायांनी तिच्याबरोबर चालावे. सावित्रीबाई शाळेला जाताना अंगावर शेण-चिखल पडे, म्हणून दुसरे लुगडे बरोबर नेत असत, असे सांगतात. मुलीच्या दप्तरात एक स्वच्छ फडके आणि कागदाचे एक पाकीट ठेवा, आणि ते कशासाठी आहे हे तिला समजावून सांगा.